परसातल्या बर्फावरची पावलं

"घरात कोणकोण आहे?" दारातल्या कॉन्स्टेबलनं विचारलं. टोपी काढायचंही सौजन्य नाही.

ओडेसा ग्रीनिजच्या अंगावर अजून कोट होता. शहराच्या पार त्या टोकाला एका बाईचा झगा पोचवून ती आत्ता कुठं घरात शिरली होती. बोटं थंडीनं बधिर झालेली, आणि दारात हा उभा.

"मी आहे. वर भाचा झोपलाय," ती म्हणाली. "तुम्ही आत या, नाहीतर बाहेर जा. दार उघडं ठेवून मला अख्खं रेडिंग शहर गरम करायचं नाहीये."

"मागच्या बोळातले मिस्टर हिंड्स. ओळखता?"

"फिट्झ हिंड्सला कोण ओळखत नाही? काय केलं आता त्यानं?"

"मेलेत ते," कॉन्स्टेबल म्हणाला. "कुणीतरी मारलंय त्यांना."

ओडेसा तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली.

एकोणीसशे त्रेसष्टच्या जानेवारीतली ही गोष्ट. त्या हिवाळ्यात असा बर्फ पडला की इंग्रजसुद्धा कुरकुरायला लागले, आणि ते तर एरवीही कुरकुरतातच म्हणा. पडलेला बर्फ वितळायचं नावच घेईना. आम्ही बार्बाडोसची माणसं असतील नसतील तेवढे स्वेटर चढवून रॉकेलच्या हीटरभोवती बसायचो आणि आपण या देशात झक मारायला का आलो, असं एकमेकांना विचारायचो. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, तरी विचारायचो.

ओडेसाचं घर शिवणकामावर चालायचं. वरच्या खोल्यांत तीन माणसं राहायची. एक तिचा भाचा कार्लाइल, बसवर कंडक्टर. बहीण गेली तेव्हा तो एवढासा होता. ओडेसानं त्याला बोलावून घेतलं आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. दुसरी वेल्मा, हॉस्पिटलात काम करणारी, हसरी. आणि तिसरे ब्रदर सीमोर बॉइस, बस ड्रायव्हर आणि आमच्या चॅपलातले डीकन, प्रार्थना-प्रवचनं सांभाळणारे. चॅपल म्हणजे भाड्याचा एक हॉल. मोठ्या चर्चातल्या पाद्रीबाबांनी आमचा हात प्रेमानं हातात घेऊन पुन्हा येऊ नका असं सांगितल्यावर आम्ही तो घेतला होता. वेल्माचं आणि बॉइसचं वसंतात लग्न ठरलं होतं.

इन्स्पेक्टर पर्किस आला तो थेट स्वयंपाकघरात. मध्यमवयीन, थकलेला, आवाज न चढवणारा. माणूस वाईट नव्हता. आमच्या वाट्याला आलेल्यांत तर बराच बरा.

"हिंड्सना शेवटचं कधी पाहिलंत?"

"आज दुपारी. इथंच, या खुर्चीवर. चहा प्यायला."

"काय बोलले?"

"नेहमीसारखं नको तिथं नाक खुपसलं. वेल्माच्या लग्नाचं सॅटिन टेबलावर पसरलं होतं. म्हणाला, सोमवारपर्यंत याला कात्री लावू नकोस. का रे बाबा, विचारलं, तर म्हणाला, उद्या चॅपलात कळेल."

"उद्या चॅपलात काय आहे?"

"या दोघांचं लग्न पुकारणार आहेत. कुणाची हरकत असेल तर बोला, असं विचारतात ना, ते."

पर्किसनं मान हलवली आणि मागच्या दाराकडे गेला. दाराला आतून कडी होती. दाराशी झाडू टेकवलेला होता.

"ही कडी तुम्ही घातलीत?"

"नाही. मी पुढच्या दारानं आले. तेव्हा घातलेलीच होती."

त्यानं दार उघडलं. गार वारा आत घुसला. परस ते केवढंसं, चार-पाच ढांगांत संपणारं. त्यावर दुधासारखा कोरा बर्फ, आणि त्यात बुटांच्या खुणांची एकच रांग. सगळ्या टाचा घराकडे, सगळे चवडे फाटकाकडे. फाटकापलीकडच्या बोळात लोक चुलीतली राख टाकतात, तिथं काहीच उमटत नव्हतं.

"बर्फ पाचच्या आधी थांबला," पर्किस म्हणाला. "त्यानंतर या दारातून एक माणूस बाहेर पडला आणि या वाटेनं परत आला नाही. सहाच्या सुमाराला हिंड्सच्या खोलीत काहीतरी आदळल्याचं शेजारणीनं ऐकलं. तिनं त्यांचं पुढचं दार ठोठावलं. नवऱ्यानं दार फोडेपर्यंत आतला माणूस मागच्या दारानं पसार झाला होता. हिंड्सचं डोकं शेगडीच्या लोखंडी कडेवर आपटलंय. सदऱ्याची बटणं तुटलीत, म्हणजे झटापट झालीय. आता मला सांगा, पाचनंतर या घरात कोण होतं?"

ओडेसा चार वाजता बाहेर पडली होती. वेल्मा हॉस्पिटलात. बॉइस सकाळपासून ड्युटीवर. तिला उत्तर ठाऊक होतं.

"कोण होतं, मिसेस ग्रीनिज?"

"कार्लाइल," ती म्हणाली.

कार्लाइल डोळे चोळत खाली आला.

"आज घराबाहेर पडला होतास?"

"दुपारी कामावरून आलो, जेवलो, झोपलो. का?"

"मागच्या दारानं गेला नाहीस?"

"या थंडीत? मला काय वेड लागलंय?"

"हे बूट तुझे?"

"हो. बसवाल्यांना सगळ्यांनाच मिळतात ते."

"ओले आहेत."

"बर्फातून आलो साहेब. उडत नाही आलो."

"हिंड्सशी तुझं भांडण होतं?"

कार्लाइलनं ओडेसाकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले. गेल्या आठवड्यात डॉमिनोजच्या सोंगट्या खेळताना म्हाताऱ्या हिंड्सनं त्याला लबाड म्हटलं होतं, आणि या शहाण्यानं टेबलावर मूठ आपटून "एक दिवस तुझं टाळकं फोडीन," असं सगळ्यांसमोर सुनावलं होतं. आमच्यात डॉमिनोज म्हटलं की असलं बोलणं रोजचंच असतं. डाव संपला की दोघं एकाच बाटलीतून रम पितात. पण हे पोलिसाला सांगायचं कसं?

"ते खेळातलं होतं," कार्लाइल म्हणाला.

"हिंड्सचं टाळकं खरोखरच फुटलंय," पर्किस म्हणाला. "कोट घाल."

ते त्याला घेऊन निघाले तेवढ्यात चॅपलातली मंडळी बातमी ऐकून पोचली. सर्वांत पुढं ब्रदर बॉइस. उंच, देखणा, ओव्हरकोटाच्या गळ्यातून पांढरी स्वच्छ कॉलर चमकणारी.

"आपण संध्याकाळी कुठं होतात?" पर्किसनं जाता जाता विचारलं.

"ड्युटी संपली तसा थेट चॅपलात. हीटर पेटवले, बाकं मांडली. सकाळपासून घरात पाऊल टाकलेलं नाही मी."

"कुणी पाहिलं?"

"साडेसहापासून लोक यायला लागले. सगळ्यांनीच पाहिलं."

लोकांनी माना डोलावल्या. बॉइसनं ओडेसाच्या खांद्यावर हात ठेवला. "सिस्टर, पोरानं रागाच्या भरात केलं असेल. देव दयाळू आहे."

"देवाचं देव बघेल," ओडेसा फणकारली. "कुणी काय केलं ते अजून ठरायचंय."

रविवारी चॅपलात लग्न पुकारलं. कुणीच हरकत घेतली नाही. मग बॉइसनं कार्लाइलसाठी अशी प्रार्थना केली की बायका मुसमुसायला लागल्या. बाहेर आल्यावर मात्र सगळ्यांची कुजबुज एकच. आमच्यातला एक पोरगा खुनात अडकला. आता उद्यापासून दुकानात, कारखान्यात, बसमध्ये लोक आपल्याकडे कसे बघणार? कुणी ओडेसाच्या जवळ येईना. जणू तिला गोवर झाला होता.

दुपारी तिला कोठडीत भेटू दिलं.

"खरं सांग, कार्लाइल."

"सांगितलं ना. झोपलो होतो."

"पोरा, मी तुझ्या आईसारखी. काय झालं असेल ते मला खरं सांग."

"झोपलो होतो, आंटी."

"म्हातारा काही बोलला असेल. तुझा तोल गेला असेल. खरं सांगितलंस तर..."

कार्लाइलनं मान खाली घातली. "अजून किती वेळा विचारणार आहेस?"

जन्मठेप होईल, असं तिथला सार्जंट सांगत होता. पोरगा बाहेर येईल तेव्हा ओडेसा बहुधा मातीत असेल. परतताना ती बसमध्ये न चढता चालत आली. बसमध्ये कंडक्टर असतो, आणि तिला त्या दिवशी त्या गणवेशातला दुसरा कुणी बघवला नसता.

सोमवारी सकाळी तिनं धुणं काढलं. दुःख असो, काही असो, सोमवारचं धुणं चुकत नाही. वेल्माचे एप्रन. कार्लाइलचे मोजे, ते तिनं थोडा वेळ हातातच धरले. मग बॉइसचं बोचकं. त्यात त्याचा पांढरा शर्ट होता. निळा नव्हता. या निळ्याची कॉलर झिजली म्हणून तिनं उसवून, उलटवून पुन्हा शिवली होती. शनिवारी सकाळी तो तोच घालून कामावर गेला होता. तिनं बोचकं दोनदा उलथंपालथं केलं. मग ती मागच्या दाराशी भिंतीवर असलेल्या, इस्त्रीचे कपडे टांगायच्या खिळ्याकडे बघत राहिली.

पुढचं दार वाजलं. वेल्मा रात्रपाळीहून आली होती. ओडेसानं दार उघडलं. वेल्मा उंबऱ्याशी थांबली, रस्त्याकडे तोंड फिरवलं आणि पाठमोरी, एकेक पाऊल मागे टाकत आत आली. मग दार लावलं.

"कोण गेलं?" ओडेसानं विचारलं.

"खिडकीजवळचा म्हातारा. गोड होता गं बिचारा. पण म्हणून त्याला घरी थोडंच आणायचं!" वेल्मानं बूट काढले. "सीमोरनं पाहिलं असतं तर पुन्हा व्याख्यान. म्हणतो, डपी खारं पाणी ओलांडून इंग्लंडात येत नाहीत. आणि इंग्रजांचे डपी कामगार संघटनेत आहेत, जादा वेळ काम करत नाहीत!"

डपी म्हणजे मेलेल्याचं भूत. बॉइस दर महिन्याला त्यांच्यावर एक प्रवचन झोडायचा. हे अडाणीपण गावी सोडून या, म्हणायचा.

ओडेसा हसली नाही. तिनं मागचं दार उघडलं. पोलिसांनी परसातल्या खुणांवर फळ्या टाकल्या होत्या. एवढ्या थंडीत खाली सगळं जसंच्या तसं होतं. तिनं एक फळी उचलली, वाकली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. वेल्मा दारात येऊन बघायला लागली.

"काय शोधतेयस?"

"वेल्मा, फिट्झ तुला शेवटचा भेटला तेव्हा काय म्हणाला होता?"

"शुक्रवारी? म्हणाला, आपल्याकडचा, सेंट लूसीचा एक माणूस नवीन आलाय, बोटीनं. सीमोरच्या गावचा. मी म्हटलं, मग लग्नाला बोलावू या की. तर त्यानं नुसता माझ्या गालावर हात फिरवला."

"कुठं राहतो तो माणूस?"

"बिस्किटाच्या कारखान्यामागं कुठंतरी. का गं?"

ओडेसानं कोट चढवला. ती संध्याकाळी परतली तेव्हा तिचा चेहरा बघून वेल्मानं काही विचारायचं धाडस केलं नाही.

मंगळवारी दुपारी पर्किस ओडेसाच्या स्वयंपाकघरात बसला होता, कपाळाला आठ्या घालून. तिनं चौकीत जाऊन त्याला अक्षरशः ओढून आणलं होतं. सोबत कॉन्स्टेबल. हीटरजवळ वेल्मा. बॉइस ड्युटी संपवून आला तो दारातच थबकला.

"या ब्रदर, बसा," ओडेसा म्हणाली. "कार्लाइलविषयी बोलतोय. तुम्ही त्याच्यासाठी एवढी प्रार्थना करताय, तुम्हीही ऐका."

तो बसला. ओडेसा उभीच राहिली.

"इन्स्पेक्टर, तुम्ही म्हणता कार्लाइल या दारानं बाहेर गेला. मग आतून कडी कुणी घातली?"

"त्यानंच. पुढच्या दारानं परत येऊन."

"खून करून आलेला पोरगा कडी आठवणीनं घालतो, आणि आपल्या पावलांचा सगळ्या जगाला दिसेल असा पुरावा तसाच ठेवतो? झाडू दाराला टेकलेला होता. दोन फटकारे मारले असते तर संपलं असतं. का नाही मारले? कारण ज्यानं कडी घातली तो बाहेर बघायलाच तयार नव्हता. या माझ्यासोबत."

शेजारचं परस अजून कोरं होतं. शेजारणीला तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. "तुमच्या माणसाला आधी दारातून फाटकापर्यंत सरळ चालवा."

कॉन्स्टेबल चालला.

"आता फाटकाशीच घराकडे पाठ करून उलटं, दारापर्यंत."

"उलटं?"

"चाला हो. पडलात तर बर्फच आहे."

कॉन्स्टेबल बिचारा अडखळत, हात पसरून मागे मागे आला. दोन्ही रांगांतले चवडे फाटकाकडेच होते. पण रांगा एकसारख्या नव्हत्या. सरळ गेलेल्या पावलांत अंतर जास्त आणि टाच खोल. उलट आलेली पावलं जवळजवळ, पाय फाकलेले, चवडा खोल रुतलेला आणि प्रत्येक टाचेमागं बर्फ घासटल्याचा ओरखडा.

पर्किस ओडेसाच्या परसात आला. फळ्या काढून गुडघ्यावर बसला. चवडे खोल रुतलेले. प्रत्येक टाचेमागं ओरखडा, घराच्या दिशेनं.

"हा माणूस आत आलाय," तो सावकाश म्हणाला. मग वैतागून वर बघत, "पण स्वतःच्या घरात उलटं कोण येतं?"

"मी येते," वेल्मा दारातून म्हणाली. "कालच आले. वॉर्डात कुणी गेलं असलं की..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"आमच्याकडे मेलेल्याजवळून येणारा माणूस घराकडे पाठ करून आत शिरतो," ओडेसा म्हणाली. "मागोमाग डपी असला तर त्याला आत यायला वाट मिळू नये म्हणून. हे कुणी ठरवून करत नाही. लहानपणी आई धपाटे घालून शिकवते, मग पाय आपोआप वळतात. पण शनिवारी सहाच्या सुमाराला फिट्झ मेलाय हे कुणाला ठाऊक होतं? शेजारीण तर अजून दारच ठोठावत होती. ठाऊक फक्त एकाला होतं. तो बोळातून आला, फाटकाशीच वळला, उलटा आत आला आणि कडी घातली."

"कार्लाइलही बार्बाडोसचाच," पर्किस म्हणाला. "तो पुढून गेला असेल, आणि मागून उलटा आला असेल."

"असेल. हा विचार मीही केलाय. म्हणून आता शर्टाचं बघू."

सगळे आत आले. बॉइस जागचा हलला नव्हता.

"शनिवारी दुपारी मी ब्रदर बॉइसचा पांढरा शर्ट धुऊन, इस्त्री करून या खिळ्यावर टांगला, रविवारसाठी. बाह्या जरा दमट होत्या, म्हणून हीटरजवळ. चारला मी निघाले तेव्हा तो इथं होता. ब्रदर सकाळी निळा शर्ट घालून गेले होते, आणि म्हणतात की नंतर घरात पाऊल टाकलं नाही. मग संध्याकाळी या दारात उभे राहिले तेव्हा यांच्या गळ्यात पांढरी कॉलर कशी? तुम्हीही पाहिलीत, इन्स्पेक्टर. चॅपलात शर्ट पिकतात का?"

"मी दुपारी येऊन बदलला असेन," बॉइस म्हणाला. आवाज अजून प्रवचनातलाच होता. "विसरलो. एका शर्टावरून माणसाला..."

"चारनंतर आलास," ओडेसाची जीभ 'तू'वर आली. "म्हणजे कार्लाइल घरात एकटा नव्हता. हे एक वाक्य तू शनिवारी बोलला असतास तर माझा पोरगा आज आत नसता. का नाही बोललास?"

बॉइसनं गळ्याशी कॉलर सैल केली.

"मी सांगते. काल मी सेंट लूसीच्या त्या माणसाला भेटले. त्याला वाटलं मी लग्नाच्या आहेराबद्दल विचारायला आले. तो म्हणाला, सीमोरची बायको अडीना मजेत आहे, पोरं मोठी झाली, नवरा बोटीचं भाडं कधी पाठवतो याची वाट बघतेय. हेच फिट्झला कळलं होतं. हेच तो रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून बोलणार होता. माझ्याकडे आला, मला सॅटिन वाया घालवू नकोस म्हणाला. आणि भला माणूस म्हणून आधी तुलाही सांगितलं असणार, तूच वेल्माला सांग म्हणून. तू त्याच्याकडे गेलास. पुढच्या दारानं, रस्त्यावरून, पाहुण्यासारखा."

वेल्मा हीटरपाशी उठून उभी राहिली होती.

"सीमोर. निळा शर्ट कुठाय?"

"वेल्मा, ही बाई भाच्यासाठी काहीही..."

"निळा शर्ट कुठाय? आणून दाखव, मी हिला खोटी म्हणते."

तो खुर्चीवरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"तू तर म्हणतोस डपी इथं येत नाहीत," वेल्माचा आवाज फाटला. "मग फाटकापासून उलटा का आलास? कोण होतं मागं?"

"त्याचे डोळे उघडे होते," बॉइस म्हणाला.

वेल्मा एक पाऊल मागे सरकली.

"मी फक्त ढकललं. त्यानं माझी कॉलर धरली होती, ती फाटली. मी ढकललं आणि तो पडला. रक्त शर्टावर... दारावर ती बाई थापा मारत होती, आणि तो माझ्याकडे बघतच होता, वेल्मा. अख्ख्या बोळात मला पाठीशी त्याचा श्वास ऐकू येत होता. शर्ट बदलून मी पुढच्या दारानं चॅपलात गेलो आणि निळा तिथं हॉलमागच्या कचऱ्याच्या भट्टीत जाळला. पोलीस पावलं बघून कार्लाइलला नेतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण नेलं, आणि मग... मग मला बोलता येईना."

"बोलता येईना?" वेल्मा म्हणाली. "रविवारी बोललास की. कार्लाइलसाठी प्रार्थना केलीस. माझा हात हातात धरून केलीस. मी रडले, सीमोर!"

तिनं आपला उजवा हात एप्रनला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. पर्किसनं कॉन्स्टेबलला खूण केली.

दिवे लागायच्या वेळेला कार्लाइल सुटून आला. पर्किस स्वतः गाडीतून सोडून गेला. दाराशी त्यानं टोपी काढली, काहीतरी म्हणणार होता, पण ते इंग्रजाला जमत नाही. नुसती मान लववून गेला. रस्त्यातली माणसं ताटं झाकून घेऊन आली. कुणी मक्याच्या पिठाचं कू-कू, कुणी मासे, कुणी खोबऱ्याची गोड पोळी. रविवारी तोंड चुकवणारीच सगळी. ओडेसानं ताटं घेतली आणि कुणालाही बसा म्हटलं नाही.

वेल्मा वर खोलीत होती. ती दोघंच टेबलाशी उरली. कार्लाइल भुकेला होता, वर न बघता जेवत होता. मग त्यानं काटा खाली ठेवला.

"आंटी, एक विचारू? कोठडीत तू मला तीन-तीनदा खरं सांग म्हणालीस. तुला वाटलं होतं ना, मीच मारलं?"

तिला नाही म्हणता आलं असतं. आज तिचा शब्द कुणी खाली पडू दिला नसता. पण गेले तीन दिवस या घरात गोड आवाजात पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"हो," ती म्हणाली. "रविवारी रात्रभर वाटत होतं. सकाळपर्यंत."

त्यानं हळूहळू मान हलवली. "पोलिसांचं मला काही वाटलं नाही. त्यांच्याकडून मी वेगळं काही धरलंच नव्हतं."

ओडेसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या चार दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती. तिनं टेबलावरून हात पुढं केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. कार्लाइलनं तो झटकला नाही, धरलाही नाही. थोड्या वेळानं त्यानं दुसऱ्या हातानं काटा उचलला आणि जेवायला लागला, आणि तिनं आपला हात तिथंच राहू दिला.